हवामानाच्या कामांचा जमाखर्च: आजचे रुपये आणि पन्नास वर्षांनंतरचं नुकसान एका तराजूत कसं तोलायचं

पन्नास वर्षांनी होणारं एक लाख रुपयांचं नुकसान टाळायला आज जास्तीत जास्त किती खर्च परवडतो? दरसाल १.४ टक्के वटाव (भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणताना दर वर्षामागे करायची कपात) धरला तर उत्तर येतं सुमारे ४९,९०० रुपये. ३ टक्क्यांनी २२,८००. साडेपाच टक्क्यांनी ६,९००. आणि १२ टक्क्यांनी फक्त ३४६ रुपये. तेच नुकसान शंभर वर्षांनी होणार असेल, तर १२ टक्क्यांच्या हिशेबात त्याची आजची किंमत उरते एक रुपया वीस पैसे.

पाऊस तोच, पूर तोच, बुडणारी घरंही तीच. बदलला तो हिशेबाच्या तक्त्यातला एकच आकडा. हवामान धोरणावरचे बहुतेक वाद या आकड्यावर अडतात, आणि तरीही अहवालात तो कुठेतरी तळटीपेत असतो. 'माझी वसुंधरा' अभियानाचा आराखडा करणारे नगरपालिकेचे अभियंते, अंदाजपत्रकावर बसणारे सदस्य, ग्रामसभेत प्रश्न विचारणारे नागरिक, या सगळ्यांना हा हिशेब स्वतः मांडता यावा म्हणून हा लेख आहे. लागतं ते एवढंच: एक्सेल, तीन वर्षांची वीजबिलं, पुराच्या पंचनाम्यांचे कागद आणि दोन दिवसांचा वेळ.

दोन कामं आपण शेवटपर्यंत सोबत ठेवू. पहिलं, पाणीपुरवठा केंद्रावर १०० किलोवॉटचा सौर प्रकल्प. दुसरं, गावातून वाहणाऱ्या ओढ्याचं पात्र मोकळं करून खोल करणं, अडणारे दोन पूल उंच करणं आणि काठाला पाणी पसरायला जागा सोडणं. आकडे उदाहरणाचे आहेत. पद्धत समजली की त्या जागी आपल्या गावाचे आकडे घाला.

पायरी १: 'काहीच केलं नाही तर' हे आधी लिहा

तुलना आजच्या परिस्थितीशी करायची नसते. काम न करता पुढची वर्षं गेली तर काय होईल, त्याच्याशी करायची असते. ओढा आज जसा आहे तसा राहणार नाही. त्यात गाळ साचेल, काठावर नवी घरं येतील, वरच्या अंगाला सिमेंटचे रस्ते झाले की पाणी लवकर उतरेल. शिवाय तापमान एका अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढतो. हे सगळं 'काहीच केलं नाही' या रकान्यात यायला हवं. नाहीतर कामाचा फायदा कमी दिसतो.

चूक उलट्या बाजूनेही होते. जे काम सरकार तसंही करणारच होतं, त्याचा फायदा आपल्या प्रकल्पाच्या नावावर टाकू नका. जुने पंप येत्या दोन वर्षांत बदलायचेच असतील, तर त्यातून होणारी वीजबचत सौर प्रकल्पाची नव्हे.

पायरी २: खर्च पूर्ण आयुष्याचा लिहा

सौर प्रकल्पाचा उभारणी खर्च ५५ लाख धरू. पॅनेल २५ वर्षं टिकतात, इन्व्हर्टर टिकत नाही. बाराव्या वर्षी ५ लाखांचा नवा इन्व्हर्टर लिहून ठेवा. धुणं, विमा, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला १.१ लाख. ओढ्याच्या कामाचा खर्च ३ कोटी, त्यात पुलांचं काम आणि काठावरच्या कुटुंबांचं पुनर्वसन धरलेलं आहे. दर वर्षी मे महिन्यात गाळ काढायला ५ लाख. आयुष्य ६० वर्षं.

देखभाल विसरली की हिशेब खोटा ठरतो, आणि कामही बंद पडतं. पाणीपुरवठ्यावरचे सौर संच बंद पडतात तेव्हा पॅनेल बहुधा शाबूत असतात. इन्व्हर्टर गेलेला असतो, आणि नव्या इन्व्हर्टरसाठी अंदाजपत्रकात शीर्षच नसतं. ५ लाखांना १२ ने भागा: वर्षाला साधारण ४२ हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर तो प्रश्न मिटतो. ओढ्याच्या बाबतीत गाळ काढणं दोन वर्षं चुकलं तर खोलीकरणाचा बराचसा फायदा गेला असं समजा.

झालेला खर्च मात्र लिहायचा नाही. मागच्या आराखड्यावर सल्लागाराला दिलेले पैसे गेले, ते आज कुठलाही पर्याय निवडला तरी परत येणार नाहीत.

अनुदानाचं काय? इथे दोन वेगळे तक्ते करावे लागतात. पालिकेच्या तिजोरीच्या तक्त्यात राज्य किंवा केंद्राकडून आलेलं अनुदान खर्चातून वजा होतं. समाजाच्या तक्त्यात ते वजा होत नाही, कारण ते पैसे दुसऱ्या कुठल्या तरी करदात्याचेच आहेत. दोन्ही तक्ते उपयोगाचे आहेत, पण एकात दुसऱ्याचे आकडे मिसळले की ८० टक्के अनुदान मिळणारं कुठलंही काम फायद्याचं दिसायला लागतं.

पायरी ३: फायदा मोजा

सौर सोपं आहे. महाराष्ट्रात एका किलोवॉटमागे पहिल्या वर्षी साधारण १,४०० युनिट मिळतात. धूळ, वीज नसण्याचे तास आणि पॅनेलची वर्षागणिक होणारी झीज धरून २५ वर्षांची सरासरी १,३०० घ्या. १०० किलोवॉटचे १,३०,००० युनिट. युनिटमागे ७ रुपये वाचले तर ९.१ लाख. देखभालीचे १.१ लाख काढून वर्षाला निव्वळ ८ लाख.

हे ७ रुपये काढताना बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागू नका. मागणी आकार किंवा स्थिर आकार सौर बसवल्यावरही भरावाच लागतो. फक्त युनिटमागे लागणारे आकार एकत्र करा. हा आकडा एका रुपयाने चुकला तर वर्षाला १.३ लाखांचा फरक पडतो.

पुराचा हिशेब सावकाश करायचा आहे. पूर दर वर्षी येत नाही, म्हणून 'गेल्या पुरात इतकं नुकसान झालं' या आकड्यावर फायदा ठरवता येत नाही. वेगवेगळ्या आकाराचे पूर, त्यांची दर वर्षी येण्याची शक्यता आणि त्यातलं नुकसान असा तक्ता लागतो. समजा आपल्या ओढ्याचं असं आहे:

पाच वर्षांतून एकदा येणारं पाणी (शक्यता ०.२०): घरांच्या उंबऱ्यापर्यंत, नुकसान शून्य.
दहा वर्षांतून एकदा (०.१०): ८० लाख.
पन्नास वर्षांतून एकदा (०.०२): ३.२ कोटी.
शंभर वर्षांतून एकदा (०.०१): ४.८ कोटी.

आता दोन-दोन ओळींमधल्या नुकसानीची सरासरी घ्या आणि शक्यतांच्या फरकाने गुणा. ० आणि ८० ची सरासरी ४०, गुणिले ०.१० म्हणजे ४ लाख. ८० आणि ३२० ची सरासरी २००, गुणिले ०.०८ म्हणजे १६ लाख. ३२० आणि ४८० ची सरासरी ४००, गुणिले ०.०१ म्हणजे ४ लाख. त्याहून मोठ्या पुरांसाठी निदान ४८० गुणिले ०.०१, म्हणजे ४.८ लाख. बेरीज २८.८ लाख. कोरड्या वर्षांसह सगळी वर्षं धरून हे वर्षाचं सरासरी नुकसान आहे.

काम झाल्यावर वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्यापर्यंत (०.०५) नुकसान शून्य, पन्नासच्या पुरात ४० लाख, शंभरच्या पुरात २ कोटी असं धरलं, तर त्याच रीतीने उरलेलं सरासरी नुकसान ३.८ लाख येतं. म्हणजे वर्षाला २५ लाखांचं नुकसान टळलं. गाळ काढण्याचे ५ लाख वजा केले की निव्वळ फायदा २० लाख.

नुकसानीचे आकडे पंचनाम्यातून घेताना सांभाळा. पंचनाम्यात सरकारी मदतीच्या नियमात बसणारं नुकसान असतं. दुकानाचे बुडालेले दहा दिवस, भिजलेल्या वह्या, पुराच्या पाण्यातून आलेला लेप्टो आणि त्याचा दवाखान्याचा खर्च यांची त्यात नोंद नसते. वॉर्डातल्या ३०-४० घरांना भेटून एक साधी यादी भरून घेतली तरी चित्र बदलतं. माणसांचे जीव मात्र रुपयांत बदलून बेरजेत घालू नये असं आमचं ठाम मत आहे. ते वेगळ्या ओळीत, संख्येने लिहा. निर्णय घेणाऱ्यांनी ती ओळ वाचायलाच हवी.

पायरी ४: सगळे रुपये एकाच वर्षाच्या भावात आणा

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. वर आपण सगळे फायदे आजच्या भावाने लिहिले, महागाई धरली नाही. मग वटावाचा दरही महागाई वगळूनच हवा. बँकेचं कर्ज १० टक्क्यांनी मिळतं म्हणून १० टक्केच वापरले, तर महागाई दोनदा वजा होते. ५ टक्के महागाई असेल तर खरा दर १.१० भागिले १.०५, म्हणजे सुमारे ४.८ टक्के.

आपल्या ओढ्याच्या कामात या एका चुकीने काय होतं ते पाहा. १० टक्क्यांनी निव्वळ वर्तमान मूल्य (सगळ्या वर्षांचा फायदा आजच्या किमतीत आणून त्यातून खर्च वजा केल्यावर उरतं ते) येतं उणे १ कोटी १ लाख. ४.८ टक्क्यांनी येतं अधिक ९२ लाख. काम तेच, गाव तेच.

पायरी ५: वटावाचा दर ठरवा, आणि तो लपवू नका

जुन्या व्यापारात मुदतीची हुंडी आधी वटवली की सावकार काही रक्कम कापून घ्यायचा. तो वटाव. भविष्यातला फायदा आजच्या रुपयांत आणताना आपण हेच करतो. प्रश्न असा की पुढच्या पिढीच्या हुंडीवर किती कापायचं?

फ्रँक रॅम्सी या तरुण इंग्रज गणितज्ञाच्या १९२८ च्या मांडणीवरून आलेलं सूत्र आजही वापरतात. वटाव दर म्हणजे दोन गोष्टींची बेरीज. पहिली, निव्वळ 'आज' आहे म्हणून आजला दिलेलं झुकतं माप. दुसरी, पुढची माणसं आपल्यापेक्षा श्रीमंत असतील म्हणून त्यांच्या रुपयाचं कमी धरलेलं वजन. हे वजन म्हणजे दरडोई उत्पन्नवाढ गुणिले एक गुणक. श्रीमंताच्या हातातला जादाचा रुपया आपण किती हलका मानतो, ते हा गुणक सांगतो.

२००६ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाच्या अर्थकारणावर अहवाल केला तेव्हा झुकतं माप ०.१ टक्के, गुणक १ आणि वाढ १.३ टक्के धरली. दर आला १.४ टक्के, आणि निष्कर्ष आला की आत्ताच मोठं पाऊल उचला. विल्यम नॉर्डहॉस यांना याच विषयातल्या कामासाठी २०१८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी त्याच सुमारास झुकतं माप १.५ टक्के, गुणक २ आणि वाढ सुमारे २ टक्के धरली. दर आला साडेपाचच्या आसपास, आणि निष्कर्ष आला की उपाय हळूहळू वाढवत जा. दोघांच्या हवामानविज्ञानात फारसा फरक नव्हता.

भारतासाठी कुठला दर? आपली दरडोई वाढ इंग्लंडपेक्षा वेगवान आहे, म्हणून सूत्राप्रमाणे आपला दर जास्त यायला हवा, आणि हा मुद्दा खोटा नाही. आज ज्या घरात नळ नाही त्या घरापुढे २०८० च्या श्रीमंत नातवाची काळजी ठेवताना थोडं थांबलंच पाहिजे. पण त्यात एक मोठी मेख आहे. सूत्रातली वाढ देशाच्या सरासरीची असते. पूर मात्र ओढ्याकाठच्या वस्तीत शिरतो आणि दुष्काळ कोरडवाहू शेतकऱ्याला गाठतो. ज्याचं उत्पन्न सरासरीइतकं वाढतच नाही, त्याच्या नुकसानीवर सरासरीचा वटाव कापणं अन्यायाचं आहे.

शिवाय पुढच्या शंभर वर्षांत वाढ किती राहील हे कोणालाच ठाऊक नसतं. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्समन यांनी दाखवलं की अशा वेळी दरांची सरासरी काढायची नसते, वटावाच्या गुणकांची, म्हणजे त्या दराने दूरच्या एका रुपयाची आज जी किंमत उरते तिची, काढायची असते. दर २ टक्के असण्याची निम्मी आणि १० टक्के असण्याची निम्मी शक्यता असेल, तर शंभर वर्षांसाठी गुणक ०.१३८ आणि ०.००००७ येतात. त्यांची सरासरी ०.०६९. हा गुणक देणारा दर ६ टक्के नसून २.७ टक्के आहे. म्हणजे जितकं दूरचं भविष्य, तितका दर खाली यायला हवा. ब्रिटिश अर्थखात्याचे नियम हेच करतात: पहिली ३० वर्षं ३.५ टक्के, मग ७५ व्या वर्षापर्यंत ३, मग १२५ व्या वर्षापर्यंत २.५.

आपल्याकडे प्रकल्पांच्या तपासणीत १२ टक्क्यांची सवय जुनी आहे. आशियाई विकास बँकही बराच काळ १२ टक्केच मागायची. २०१७ पासून तिने ती अट ९ टक्क्यांवर आणली, आणि सामाजिक क्षेत्रातल्या किंवा मुख्यतः पर्यावरणाचा लाभ देणाऱ्या प्रकल्पांसाठी ६ टक्क्यांवर. स्थानिक संस्थेने ६ टक्के हा मधला दर धरावा, खाली ३ आणि वर १० किंवा १२ नेही करून पाहावं, आणि तीस वर्षांपलीकडचे फायदे निदान एकदा उतरत्या दराने मोजावेत, असं आम्ही सुचवतो.

पायरी ६: गणित मांडा आणि पालटणारा दर शोधा

तक्त्यात पहिल्या रकान्यात वर्ष ० ते ६०, दुसऱ्यात खर्च, तिसऱ्यात फायदा, चौथ्यात निव्वळ. एक अधिक दर, त्याचा वर्षाइतका घात, आणि एकाला त्याने भागलं की त्या वर्षाचा गुणक मिळतो. निव्वळ गुणिले गुणक, आणि शेवटी बेरीज. एक्सेलमधलं 'एनपीव्ही' फंक्शन वापरणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा: ते पहिलाच आकडा एका वर्षानंतरचा मानतं. म्हणून शून्य वर्षाचा खर्च त्याच्या बाहेर ठेवून वेगळा मिळवावा लागतो. तो आत गेला तर सगळं उत्तर एक वर्ष पुढे सरकतं.

आपल्या दोन कामांची उत्तरं, लाख रुपयांत:

सौर प्रकल्प: १२ टक्क्यांनी अधिक ६.५, ८ टक्क्यांनी अधिक २८.४, ५ टक्क्यांनी अधिक ५५, ३ टक्क्यांनी अधिक ८१.
ओढ्याचं काम: १२ टक्क्यांनी उणे १३४, ८ टक्क्यांनी उणे ५२, ५ टक्क्यांनी अधिक ७९, ३ टक्क्यांनी अधिक २५४.

सौर प्रकल्पासाठी दरावर भांडायची गरजच नाही. सगळ्या दरांना तो फायद्याचा आहे, त्यावर सभेचा वेळ घालवू नका. ओढ्याचं उत्तर मात्र साधारण साडेसहा टक्क्यांना पालटतं. सभेपुढे ठेवायचा आकडा हाच आहे. 'बरोबर दर कोणता' असा प्रश्न विचारला तर वाद तज्ज्ञांच्या हातात जातो. 'साडेसहा टक्क्यांपेक्षा कमी दर मान्य असेल तर हे काम करावं' असं लिहिलं की निर्णय सदस्यांच्या आणि गावाच्या हातात राहतो, जिथे तो असायला हवा.

मग बाकीचे आकडे हलवून पाहा. एका वेळी एकच. पावसाचा जोर वाढून प्रत्येक पुराची शक्यता १.४ पट झाली, तर टळलेलं नुकसान २५ वरून ३५ लाखांवर जातं आणि निव्वळ फायदा ३० लाख होतो. मग ८ टक्क्यांचं उत्तर उणे ५२ वरून अधिक ७१ होतं. पावसाचा आकडा इतका निर्णायक ठरत असेल, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पर्जन्यनोंदींवर बेतलेली रचना स्वीकारण्याआधी अलीकडची वर्षं धरून ती पुन्हा करून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या नोंदींत असा दिवस नव्हता.

पायरी ७: कार्बनची किंमत

सौर प्रकल्पामुळे जाळावा न लागलेला कोळसा गावाच्या तिजोरीत दिसत नाही, समाजाच्या तक्त्यात दिसायला हवा. आजच्या ग्रिडवर (देशाच्या वीजजाळ्यावर) युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर १,३०,००० युनिटांचे ९१ टन. ग्रिड वर्षागणिक स्वच्छ होत जाणार आहे, म्हणून हा आकडा २५ वर्षं तसाच ठेवू नका, हळूहळू उतरवा.

टनाची किंमत, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे जगाचं पुढे होणारं नुकसान, किती? इथेही वटावच बोलतो. अमेरिकेच्या सरकारी हिशेबात ३ टक्क्यांनी टनाला ५१ डॉलर धरत. त्यांच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये नव्याने मांडलं तेव्हा २ टक्क्यांनी १९० डॉलर आले, आणि दीड टक्क्यांनी ३४०. २०२५ मध्ये नव्या सरकारने हा आकडा ठरवणारा कार्यगटच बरखास्त केला. डॉलरला ८५ रुपये धरले तर आपल्या ९१ टनांचा फायदा ५१ डॉलरने वर्षाला ३.९ लाख, आणि १९० डॉलरने १४.७ लाख. म्हणजे वीजबिलाच्या बचतीपेक्षाही जास्त.

एक शिस्त पाळा: २ टक्क्यांनी काढलेली कार्बनची किंमत १२ टक्क्यांच्या तक्त्यात घालू नका. आणि हा फायदा सगळ्या जगाचा आहे, फक्त आपल्या तालुक्याचा नाही, हे त्या ओळीत स्पष्ट लिहा.

पायरी ८: कोणाच्या खिशातून, कोणाच्या घरात

एकूण बेरीज अधिक आली म्हणून काम न्याय्य ठरत नाही. वॉर्डनिहाय दोन रकाने करा, खर्चाचा भार आणि टळलेलं नुकसान. बऱ्याचदा दिसतं ते असं: पत्र्याच्या घरात पाणी शिरलं तर नुकसान ४० हजारांचं, बंगल्याच्या तळमजल्यात शिरलं तर ४ लाखांचं. नुसते रुपये मोजले तर संरक्षक भिंत बंगल्यांच्या बाजूला बांधणं 'फायद्याचं' ठरतं. पण ज्याचं उत्पन्न गावाच्या सरासरीच्या निम्मं आहे त्याला तोच रुपया जास्त जड असतो. पाचव्या पायरीतला, श्रीमंताचा रुपया किती हलका ते सांगणारा गुणक १ धरला तर त्याच्या नुकसानीला दुप्पट वजन मिळतं, गुणक १.५ धरला तर सुमारे २.८ पट. वटावासाठी जो गुणक वापरला तोच इथे वापरा. भविष्यातल्या श्रीमंतांचा रुपया हलका मानायचा आणि आजच्या गरिबांचा जड मानायचा नाही, हे तर्काला धरून नाही.

ओढ्याकाठून ज्यांना हलवायचं त्यांच्या मजुरीच्या ठिकाणापासूनचं अंतर, मुलांची शाळा, बसभाडं हे सगळं खर्चाच्या बाजूला लिहा. ते वगळून काढलेला फायदा त्यांच्या खिशातून काढलेला असतो.

पायरी ९: आत्ता, की थांबून

काम फायद्याचं आहे हे ठरलं तरी ते याच वर्षी करावं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याची चाचणी सोपी आहे. एक वर्ष थांबलं तर खर्चावरचा एका वर्षाचा वटाव वाचतो आणि पहिल्या वर्षाचा फायदा जातो. ओढ्याचं काम ५ टक्क्यांनी: ३ कोटींवर १५ लाख वाचतात, २० लाख जातात. म्हणजे आत्ताच करा. सौर ८ टक्क्यांनी: ४.४ लाख वाचतात, ८ लाख जातात. थांबणं तेव्हाच परवडेल जेव्हा वर्षभरात किंमत ३.६ लाखांनी, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून जास्त उतरणार असेल. २०१० नंतरच्या दशकात पॅनेल त्याहून कितीतरी वेगाने स्वस्त झाले, तेव्हा थांबणाऱ्याचं फारसं चुकलं नाही. पण ५५ लाखांतला बराच भाग सांगाडा, तारा आणि मजुरीचा असतो, आणि तो स्वस्त होत नाही.

या चाचणीत एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे बंद होणारे दरवाजे. ओढ्याच्या काठाची मोकळी जागा आज मोजणी करून, पूररेषेत धरून राखून ठेवता येते. तिथे चाळीस घरं उभी राहिली की तेच काम दुप्पट-तिप्पट खर्चाचं आणि माणसांना उठवायचं होतं. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या सुधारणेचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ चा. कामाला खरा वेग आला तो २००५ च्या पुरानंतर, आणि तोवर वाहिन्यांवर आणि नाल्यांच्या काठांवर वस्ती झाली होती, खर्च अनेक पटींनी वाढला होता. इमारतींचंही तेच: आज बांधलेलं कार्यालय पन्नास वर्षं उभं राहणार. छताला उष्णतारोधक थर, खिडकीला छज्जा, वाऱ्याची दिशा हे नकाशावर असताना जवळजवळ फुकट होतं, नंतर नाही.

म्हणून कामांच्या यादीपुढे एक खूण करा: थांबल्याने स्वस्त होणारी, थांबल्याने महाग होणारी, आणि पहिल्याच उन्हाळ्यात उपयोगी पडणारी. तिसऱ्या गटाला कमी लेखू नका. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा आणला. त्यात मुख्यतः आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय आणि कामाच्या वेळा यांचाच विचार आहे. खर्च थोडा, फायदा त्याच वर्षी, वटावाच्या वादाला जागाच नाही.

पायरी १०: ठरावात काय लिहायचं

ठरावाला जोडायचा तक्ता एका पानाचा असावा. त्यात कामाचं आयुष्य, कुठल्या वर्षाचे भाव, तीन दरांनी आलेली उत्तरं, उत्तर पालटवणारा दर, सगळ्यात जास्त फरक पाडणारी दोन गृहीतकं, वॉर्डनिहाय भार आणि लाभ, टळणाऱ्या मृत्यूंची वेगळी ओळ, आणि देखभालीचा निधी कुठल्या शीर्षाखाली येणार ते. फायदे दोनदा मोजले नाहीत ना, हेही तपासा: पुराचं नुकसान कमी झालं आणि म्हणून जागांचे भाव वाढले, या दोन्हींची बेरीज करता येत नाही, कारण तो एकच फायदा दोन रूपांत आहे. तसंच कामातून मिळालेली मजुरी 'रोजगारनिर्मिती' म्हणून फायद्यात घातली असेल तर काढा, ती आधीच खर्चात आहे.

मोठ्या महापालिकांना अंदाजपत्रकालाच हे जोडता येतं. मुंबईने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०२४ पासून हवामान अंदाजपत्रकही मांडायला सुरुवात केली. नगरपंचायतीला एवढं नको. मात्र मूळ एक्सेलची प्रत अभियंत्याच्या लॅपटॉपवरच न ठेवता कार्यालयाच्या दप्तरात ठेवा, कारण बदली झाली की फाइलही त्याच्यासोबत जाते. तीन वर्षांनी मीटरचे खरे युनिट आणि मेमधल्या गाळाचं मोजमाप पुस्तक घेऊन तोच तक्ता पुन्हा भरा. १,३०,००० च्या जागी १,०५,००० युनिट येत असतील तर आधी पॅनेल धुतले जातात का ते पाहा, मग शेजारच्या झाडाची किंवा नव्या टाकीची सावली पाहा, आणि मगच पुढच्या प्रस्तावातला आकडा खाली आणा.